नकाशावरची लिपी: आधी नावं, मग अक्षरं

कल्पित जगाचा नकाशा काढणारे बहुतेक जण कधी ना कधी हे विचारतातच: “गावांची, नद्यांची नावं लिहायला आपली स्वतःची लिपी हवी आहे. क ला एक चिन्ह, ख ला एक चिन्ह, असा तक्ता केला की झालं ना?”

तक्ता होईल, पण तो देवनागरीला चढवलेला मुखवटा असेल. आपली बाराखडी, आपली जोडाक्षरं, वेलांटी अक्षराच्या आधी काढायची आपली सवय, सगळं त्यात जसंच्या तसं येतं आणि चाणाक्ष वाचक तासाभरात ते फोडतो. तेही एक वेळ चालेल. खरी अडचण अशी की तक्त्यातली अक्षरं वहीच्या ओळीसाठी जन्मतात आणि नकाशावर ओळ नसते. गावाचं नाव बारीक होतं, प्रांताचं नाव ताणलं जातं, नदीचं नाव वाकतं. या तिन्हींत टिकेल तीच अक्षरं कामाची.

म्हणून सुरुवात अक्षरांपासून करू नका. आधी चाळीस ते साठ नावं साध्या देवनागरीत लिहून काढा आणि त्यांत कोणता उच्चार किती वेळा येतो ते मोजा. आपल्या वर्णमालेतले निम्मे वर्ण लागतच नाहीत, असं बहुधा दिसेल. अठरा-वीस व्यंजनं आणि पाच स्वर सहज पुरतात. सगळ्यात जास्त वेळा येणाऱ्या पाच-सहा उच्चारांना सगळ्यात सोपे आकार द्या, दोन फटक्यांत होणारे. क्वचित येणारा वर्ण नक्षीदार असला तरी बिघडत नाही.

याच यादीत आणखी एक गोष्ट सापडते. समजा, सावेण, इस्थावेण, तोलावेण अशा नद्या आहेत. मग ‘वेण’ दर वेळी अक्षरांत कशाला लिहायचं? त्याला एकच चिन्ह द्या. प्राचीन मेसोपोटेमियातल्या सुमेरी लेखनात स्थळनामांनंतर ‘ठिकाण’ सांगणारं ‘कि’ हे चिन्ह येई. इजिप्तच्या चित्रलिपीत नगराच्या नावाशेवटी वर्तुळात छेदणारे रस्ते काढत. आपल्याकडच्या नकाशांवर बुद्रुक आणि खुर्द यांचं ‘बु.’ आणि ‘खु.’ होतंच की. किल्ला, नदी, घाट, बंदर यांची अशी चार चिन्हं केली की नावं एक-तृतीयांशाने आखूड होतात आणि लिपी न वाचता येणाऱ्यालाही नदी कुठली हे कळतं. सगळ्या मेहनतीत सर्वाधिक मोबदला देणारी पायरी हीच.

आता आकार. त्या जगातले लोक कशाने आणि कशावर लिहितात, हे आधी ठरवा. ताडपत्रावर लोखंडी कंटकाने, म्हणजे टोकदार लेखणीने, आडवी रेघ ओढली तर पान शिरांच्या दिशेने फाटतं. ओडिया अक्षरांचे गोल माथे याच कारणाने आले, असं सांगतात. उत्तर युरोपात लाकडावर कोरायच्या जुन्या रून अक्षरांत आडव्या रेघा टाळलेल्या दिसतात, कारण त्या लाकडाच्या रेषांत हरवतात. मोडीतले कारकून आधी कागदभर शिरोरेषा ओढून घेत आणि मग बोरू शक्यतो न उचलता लिहीत, म्हणून ती अक्षरं गोलावली. साधन ठरलं की तेच हातात घ्या. बोरू किंवा २ मिमी रुंद टाक असेल तर अक्षराची उंची टाकाच्या पाचपट, म्हणजे १० मिमी ठेवा आणि प्रत्येक अक्षर भरभर वीस वेळा गिरवा. पहिली पाच-सहा अक्षरं ‘काढलेली’ असतात. शेवटच्या पाचांत कोपरे झिजतात, दोन फटके एकत्र येतात. झिजलेला आकार घ्या, काढलेला टाकून द्या. नवख्याची लिपी ओळखू येते ती इथेच: प्रत्येक अक्षर स्वतंत्र बोधचिन्हासारखं दिसतं, एका हाताचं वाटत नाही.

मग बारीक करून पाहा. तांत्रिक रेखाटनातल्या अक्षरांसाठी आयएसओ ३०९८ हे मानक आहे. त्यातल्या ‘बी’ प्रकारात रेघेची जाडी उंचीच्या एक-दशांश असते. म्हणजे २.५ मिमी उंच अक्षराला ०.२५ मिमीची रेघ. एकूण दहा रेघांएवढी जागा. छपाईत शाई पसरते, म्हणून दोन रेघांत दुप्पट जाडीची फट सोडली तर तीन आडव्या रेघांना सात भाग लागतात, चारांना पुरे दहा. गावाच्या नावातल्या अक्षरात तीनपेक्षा जास्त आडव्या रेघा नकोत, हे त्यावरून ठरतं. आतली टिंबं तर पहिली बुजतात.

कोरियाची हंगुल लिपी (१४४३) पाहून अनेकांना पद्धतशीर कुटुंबं करायचा मोह होतो: एक मूळ आकार, त्यात एक रेघ वाढवली की महाप्राण, जसा क चा ख. तक्त्यात ते देखणं दिसतं, पण २.५ मिमीवर ती एक रेघ दिसेनाशी झाली की दोन गावांची नावं एकच होतात. कुटुंबात दोनच अक्षरं ठेवा आणि फरक रेघेचा न ठेवता बाह्यरेषेचा ठेवा. देवनागरीतही ‘रव’ वाटू नये म्हणून ‘ख’चं खालचं टोक जोडून घ्यावं लागलं, आणि घ-ध, भ-म ही भांडणं चालूच आहेत.

वाकण्याची परीक्षा याहून कडक. कॅनडातल्या क्री भाषेसाठी जेम्स इव्हान्स यांनी १८४०च्या सुमारास केलेल्या लिपीत एकच आकार चार दिशांना फिरवून चार स्वर दाखवतात. ओळीत लिहायला फारच हुशार कल्पना. पण नकाशावर नदीबरोबर नाव साठ अंशांत वळतं, मग आकार फिरलाय की ओळ फिरली आहे, हे कसं कळणार? म्हणून फिरवून किंवा आरशात धरून दुसरं अक्षर होणारे आकार गाळा. प्रत्येक अक्षर चिठ्ठीवर काढून चारही बाजूंनी फिरवलं की दहा मिनिटांत ही चाळणी होते.

मराठी माणसाला शिरोरेषेचा मोह आवरत नाही, आणि नकाशावर तीच सगळ्यात जास्त छळते. प्रांताचं नाव दोनशे मिमी ताणलं की रेषेचे तुकडे होतात. वळणावर वेगळीच गंमत. इंकस्केप या संगणकावरच्या रेखाटनाच्या साधनात मजकूर वक्ररेषेवर बसवला तर प्रत्येक अक्षर नुसतं फिरतं, वाकत नाही. वळण वर फुगलेलं असेल तर माथे फाकतात आणि रेषेत फटी पडतात. खाली झोळ असेल तर माथे एकमेकांवर चढतात. शिरोरेषा हवीच असेल तर अक्षरं तिच्याशिवाय तयार करा, नाव वळणावर बसवा आणि रेषा शेवटी वेगळी, सलग ओढा. मोडीच्या कारकुनाच्या बरोबर उलट क्रम. तिचा एक फायदा मात्र खरा: नाव कितीही फिरलं तरी वरची बाजू कुठली, ते तिच्यामुळे कळतं.

साठ नावांसाठी फॉन्ट करायलाच हवा असं नाही. अक्षरं चित्ररूपात ठेवून चिकटवलीत तरी दोन-तीन संध्याकाळीत काम उरकतं. नावं वाढणार असतील तर फॉन्टफोर्ज हे मोफत साधन पुरेसं आहे. अक्षरं देवनागरीच्या जागांवर बसवू नका. संगणक तिथे आपले नियम लावतो, वेलांटी उचलून आधी नेतो, सुटी मात्रा दिसली की ठिपक्यांचं वर्तुळ काढतो. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या अक्षरांना संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या यादीत, खासगी वापरासाठी ६,४०० जागांचा पट्टा राखून ठेवलेला आहे, तो योग्य. टंकायला सोपं म्हणून रोमन कळांवर बसवलंत तरी चालेल. एक खाचखळगा लक्षात असू द्या: फॉन्टमधल्या नेहमीच्या ‘लिगा’ (अक्षरं आपोआप जोडणाऱ्या) सोयीने केलेली जोडाक्षरं, अक्षरांमधलं अंतर वाढवलं की वेब ब्राउझर सोडवून टाकतात. म्हणजे गावांची नावं नीट आणि प्रांताचं नाव फुटलेलं. सक्तीची जोडाक्षरं फॉन्टमधल्याच ‘सीसीएमपी’ या दुसऱ्या सोयीत घाला, ती टिकतात.

नकाशाच्या कोपऱ्यात अक्षरांचा पूर्ण तक्ता छापू नका. दोनच ठळक नावं दोन्ही लिप्यांत द्या, बाकीचं वाचकाला शोधू दे. ती दोन नावं निवडताना मात्र यादीतले जास्तीत जास्त उच्चार त्यांत येतात की नाही ते पाहा. आणि पडद्यावर मोठं करून तपासत बसू नका. खऱ्या मापात साध्या कागदावर छापा, हातभर अंतरावर धरा, आणि ज्याने ती लिपी कधी पाहिली नाही अशा माणसाला एकसारखी वाटणारी अक्षरं पेन्सिलीने जोडायला सांगा. जोडलेल्या प्रत्येक जोडीतलं एक अक्षर पुन्हा बोरूखाली जाईल.