शिरेतून दिलेले जीवनसत्त्व

कोल्हापुरात अशक्तपणा आला की रुग्ण आधी सलाईन मागतो, आणि त्यातही ‘पिवळी लावा’ असा आग्रह धरणारी माणसे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. तो पिवळेपणा ब गटातील रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वाचा असतो, पण लोक त्यात ताकद पाहतात. गेल्या वर्षी राजारामपुरीतल्या आमच्या तात्यांना, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांना, स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचे निदान झाले आणि एका नातेवाइकाने क जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसची सलाईन सुचवली, तेव्हा घरात कोणालाच ते वावगे वाटले नाही. आवळ्यात आणि लिंबात असते तेच शिरेतून द्यायचे, त्यात अपाय कसला, असेच सगळे म्हणत होते.

मला मात्र वाचत गेल्यावर असे पटले की शिरेतून दिलेले क जीवनसत्त्व हे आहारातले जीवनसत्त्व राहतच नाही. तोंडाने कितीही घेतले तरी आतडे ते ठरावीक प्रमाणातच शोषून घेते आणि जास्तीचे मूत्रपिंडे बाहेर टाकतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील मार्क लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार तोंडाने भरपूर मात्रा घेऊनही रक्तातील पातळी २२० मायक्रोमोल प्रतिलिटरच्या आसपास अडते, तर ५० ग्रॅम शिरेतून दिल्यास ती १३,००० च्याही वर जाते. एवढ्या पातळीला पोचल्यावर, ज्याला आपण अँटिऑक्सिडंट, म्हणजे पेशींचे रक्षण करणारे, म्हणून ओळखतो तेच पेशींभोवती त्यांना घातक असे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करू लागते, आणि प्रयोगशाळेत कर्करोगाच्या काही पेशी त्याने मरतात. (हे जीवनसत्त्व भरपूर प्रमाणात वेगळे काढण्यासाठी शास्त्रज्ञ सेंट-ग्यॉर्गी यांनी हंगेरीतल्या सेगेदची लाल मिरची वापरली होती आणि १९३७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, ही गोष्ट मिरचीच्या आपल्या गावाने आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे.)

या उपचाराभोवतीचा जुना वादही याच फरकातून समजतो. नोबेलविजेते रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि स्कॉटलंडमधील शल्यचिकित्सक इवान कॅमेरॉन यांनी १९७६ मध्ये शेवटच्या टप्प्यातील १०० कर्करुग्णांना दिवसाला १० ग्रॅम क जीवनसत्त्व दिल्याने त्यांचे आयुष्य वाढल्याचे म्हटले; त्यांनी सुरुवातीला ते शिरेतून दिले होते, पण तुलना जुन्या नोंदींतल्या रुग्णांशी केली होती. अमेरिकेतील मेयो क्लिनिक या रुग्णालयाने काटेकोर चाचण्या घेतल्या आणि १९७९ व १९८५ मध्ये काहीच फायदा नसल्याचे जाहीर केले. तिथे मात्र औषध फक्त तोंडाने दिले गेले होते. त्यामुळे मूळ प्रश्न पुढची कित्येक वर्षे तसाच राहिला.

तात्यांच्या आजाराशी थेट संबंध असलेला अभ्यास २०२४ मधला आहे. आयोवा विद्यापीठात स्वादुपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या ३४ रुग्णांपैकी काहींना नेहमीच्या केमोसोबत आठवड्यातून तीन वेळा ७५ ग्रॅम क जीवनसत्त्व शिरेतून दिले गेले, आणि त्यांचा मध्यक जीवितकाळ (म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) केवळ केमो घेणाऱ्यांच्या ८.३ महिन्यांऐवजी १६ महिने भरला. हे आकडे पहिल्यांदा वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही. पण ३४ ही संख्या फार लहान आहे, आणि ते औषध केमोच्या जोडीने दिले होते. आम्हाला मात्र सलाईन देणाऱ्या एका केंद्रातून ‘केमो थांबवली तरी चालेल’ असे सांगण्यात आले होते, आणि त्याचा राग मला आजही आहे.

कमी रुग्णांवर दिसलेली आशा मोठ्या चाचणीत टिकतेच असे नाही, हे सेप्सिसच्या, म्हणजे संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागण्याच्या जीवघेण्या अवस्थेच्या, बाबतीत दिसून आले आहे. २०१७ मध्ये क जीवनसत्त्व, थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) आणि हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड एकत्र दिल्याने मृत्यू घटल्याचे एका लहान अभ्यासात दिसले आणि जगभर उत्साह पसरला. पण २०२२ मध्ये सेप्सिसच्याच ८७२ रुग्णांवरील लोव्हिट नावाच्या चाचणीत केवळ क जीवनसत्त्व मिळालेल्या गटात मृत्यू किंवा अवयव निकामी राहण्याचे प्रमाण ४४.५ टक्के भरले, तर ते न मिळालेल्या गटात ३८.५ टक्के.

तात्यांना मधुमेह आहे आणि काकू रोज घरी ग्लुकोमीटरने त्यांची साखर तपासून इन्सुलिन देतात. शिरेतून क जीवनसत्त्वाचा मोठा डोस दिल्यानंतर काही तास अनेक ग्लुकोमीटर साखर खोटीच जास्त दाखवतात, कारण त्यांच्या पट्टीवरची रासायनिक क्रिया त्याला ग्लुकोज समजते. तो आकडा पाहून काकूंनी इन्सुलिन वाढवले असते तर काय झाले असते, या विचाराने माझ्या अंगावर काटा आला. जी-६-पीडी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्यांच्या रक्तातील लाल पेशी या उपचाराने फुटू शकतात, आणि मूत्रपिंड कमजोर असल्यास क जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या ऑक्झलेटचे स्फटिक साचून ते आणखी बिघडते. त्या केंद्रात यांपैकी एकाही गोष्टीची विचारणा झाली नव्हती.

मी हे सारे लिहून कर्करोगतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी शांतपणे वाचले आणि दोन तपासण्या करून घेतल्या. जी-६-पीडी व्यवस्थित होते, पण मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारे क्रिएटिनिन १.९, म्हणजे जास्त, आले. ‘या मूत्रपिंडावर मी हा डोस देणार नाही,’ असे त्यांनी स्पष्ट सांगितले. तात्यांनी फाईल मिटली आणि पुढच्या केमोची तारीख विचारली.