पत्र्याच्या डब्यातल्या पावत्या

सासूबाईंचा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काल आवरायला काढला. आत नुसत्या घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या! सगळ्यात खालची पिवळी पडलेली, घडीवर फाटलेली, शाई उडालेली. नाशिकची नगरपालिका 1864 ची, महापालिका झाली 1982 साली. आमच्या डब्यात दोन्हींचे शिक्के आहेत.

सासूबाई एकदा पावती पुढे करून म्हणाल्या, "हे पैसे जातात कुठं, सांग बरं." मला सांगता येईना, म्हणून वाचायला बसले. नियम असा, की अंदाजपत्रक आयुक्त मांडतात ते स्थायी समितीपुढे. ही समिती 16 जणांची. तिथून ते महासभेत, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेत जातं, मग मंजुरी. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, आयुक्तच प्रशासक म्हणून कारभार बघू लागले, आणि मांडणारे-मंजूर करणारे एकच झाले. सासूबाई हसल्या, "म्हणजे स्वयंपाकही आपलाच, चवही आपणच घ्यायची."

बाकी आकडे मला फारसे कळत नाहीत. 'महसुली', 'भांडवली' वाचलं की जांभई येते, खोटं कशाला बोलू! पण सकाळी घंटागाडी आली की ओला-सुका कचरा वेगवेगळ्या बादल्यांत घेऊन मी पळते. गंगापूर धरणाचं पाणी सकाळी नळाला येतं तेव्हा पहिली कळशी सासूबाईच भरतात. कोपऱ्यावरचा दिवा मात्र तीन महिने बंद होता. चार अर्ज केले, पाचव्यांदा आम्ही पाच जणी मिळून गेलो. दुसऱ्या दिवशी शिडी आली.

त्या अर्जांच्या पोचही आता डब्यातच आहेत.