मूळ संच

दर जूनमध्ये, वर्षातला सगळ्यात मोठा दिवस असतो त्या सुमाराला, अमेरिकेत कोलोरॅडोतल्या टेल्युराइड गावी ब्लूग्रासचा, म्हणजे बॅन्जो-मँडोलिनवरच्या तिथल्या लोकसंगीताचा, उत्सव भरतो. मी पहिल्यांदा गेलो १९८५ साली. डेन्व्हरहून सहा-सात तासांचा रस्ता, डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या. गाव पावणेनऊ हजार फुटांवर, भोवती डोंगर. मंचासमोर गवत आणि गवतावर अंथरलेल्या ताडपत्र्या. पुण्यात सवाईला सतरंजी टाकून बसलेल्या माणसाला यात शिकण्यासारखं काही नव्हतं. भर जूनमध्ये रात्री स्वेटर लागायचा, एवढंच.

शेजारची ताडपत्री एका सुताराची होती. पुरी खाऊन त्याने विचारलं, "न्यू ग्रास रिव्हायव्हल कोणत्या संचातलं ऐकलंयस?" तो बोलला इंग्रजीत, पण माझ्या कानांना ऐकू आलं ते असंच.

तो या बँडच्या मूळ संचाचा भक्त. सॅम बुशचं मँडोलिन आणि फिडल (म्हणजे व्हायोलिनच), कोर्टनी जॉन्सनचा बॅन्जो, कर्टिस बर्चची गिटार आणि डोब्रो (आडवी धरून वाजवायची गिटार), एबो वॉकरचा बास. चौघे आधी केंटकीतल्या लुईव्हिलच्या 'ब्लूग्रास अलायन्स'मध्ये होते. तिथे फिडलवाल्याशी बिनसलं, पण बँडचं नाव त्याच्या मालकीचं. मग १९७१ मध्ये हे चौघे नाव तिथेच ठेवून बाहेर पडले. आपल्या नाटक कंपन्यांमध्ये याहून वेगळं काय व्हायचं? केस खांद्यापर्यंत, गाणी रॉकवाल्यांचीही, आणि एकेक गाणं रंगेल तितकं लांबवायचं. ब्लूग्रासचा जनक बिल मन्रो, त्याच्या वळणावर वाढलेल्या जुन्या मंडळींनी नाकं मुरडली. पुढे बासवर आधी बुच रॉबिन्स आला आणि १९७४ मध्ये जॉन कोवन. त्याचा बास तर विजेवरचा. गळा मात्र असा, की वरच्या पट्टीत गेला की आमच्या ताडपत्रीवरच्या गप्पा आपोआप थांबायच्या.

१९७५ मध्ये हा बँड टेल्युराइडला पहिल्यांदा वाजला, तेव्हापासून सॅमने एकही वर्ष चुकवलेलं नाही. १९८१ मध्ये जॉन्सन आणि बर्च प्रवासाला कंटाळून बाहेर पडले, त्यांच्या जागी बॅन्जोवर बेला फ्लेक आणि गिटारवर पॅट फ्लिन आले. मी ऐकलं ते या दुसऱ्या संचाचं. त्यामुळे दरवर्षी आमचं भांडण ठरलेलं. सुतार म्हणायचा, बेला पोरगा हुशार आहे, पण बोटं फार चालवतो, कोर्टनीचा ठसका नाही. मी म्हणायचो, अहो, बॅन्जोवर असे सूर लागतात हे तरी माहीत होतं का कुणाला? मग पुऱ्या संपायच्या.

३१ डिसेंबर १९८९ ला ओकलंडमध्ये, ग्रेटफुल डेड या रॉक बँडच्या आधी वाजवून, बँडने गाशा गुंडाळला. पुढच्या जूनला सॅम आला, आम्हीही गेलो. बँड नव्हता तरी भांडण झालंच.

सुताराची ताडपत्री काही वर्षांनी दिसेनाशी झाली. २०२० मध्ये न्यू ग्रास रिव्हायव्हलला ब्लूग्रासच्या हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली, तेव्हा त्याचा पत्ता आपण कधी घेतला नाही याची फार चुटपुट लागली.

२०२४ च्या फेब्रुवारीत पुण्याहून ताईचा फोन. झाकीर हुसेन, राकेश चौरसिया, एडगर मेयर आणि बेला फ्लेक यांच्या अल्बमला ग्रॅमी मिळालं होतं. "अरे, हा तुझा तो बॅन्जोवाला ना, त्या बँडमधला?"

"हो," मी म्हणालो, "पण मूळ संचातला नव्हे."