ब्रॉकनहर्स्टचा सुखा

इंग्लंडच्या दक्षिणेतल्या न्यू फॉरेस्टला लोक जातात ते तिथल्या तट्टांसाठी. भर रस्त्यात उभी राहतात, गाड्या मागे खोळंबतात, कुणी हॉर्न वाजवत नाही. आम्हीही रीतसर फोटो काढले. पण ब्रॉकनहर्स्टला उतरण्याचं माझं कारण वेगळं होतं. साउदॅम्प्टनला मावसभावाकडे मुक्काम होता. तिथून हे गाव ट्रेनने अगदी जवळ, तेव्हा त्यालाही ओढून नेलं. "चर्चच्या आवारातली थडगी बघायला सुट्टी घालवायची?" असं म्हणत तो आला.

सेंट निकोलस चर्च गावाच्या जरा बाहेर, उंचवट्यावर आहे. दाराजवळ यू जातीचा एक प्रचंड वृक्ष, हजार वर्षांहून जुना मानतात. शेजारून वाट मागे जाते आणि पांढऱ्या दगडांच्या सारख्या रांगा दिसू लागतात. हे न्यूझीलंडचे सैनिक, एकूण ९३. प्रत्येक दगडावर नेच्याचं पान, म्हणजे न्यूझीलंडचं चिन्ह, कोरलेलं. पहिल्या महायुद्धाच्या वेळी, १९१६ ते १९१९ या काळात, गावात न्यूझीलंडचं मोठं लष्करी रुग्णालय होतं, तिथे दगावलेली ही पोरं. या दगडांवर नाव, पलटण, तारीख एवढंच आहे. ब्रिटिश सैनिकांच्या दगडांवर घरच्यांनी सुचवलेली एखादी ओळ असते, ती इथे नाही. सगळे सारखे दिसावेत म्हणून न्यूझीलंड सरकारने तशी परवानगीच दिली नव्हती. एप्रिलमध्ये अँझॅक दिनाच्या, म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सैनिकांच्या स्मृतिदिनाच्या, सुमारास दरवर्षी इथे प्रार्थना होते.

मला बघायचा होता तो दगड या रांगांपेक्षा वेगळा. त्यावर मजकूर भरपूर, थांबून सावकाश वाचावा लागतो. नाव एकच: सुखा. पुढे पत्ता, मोहल्ला गंगापूर, शहर बरेली, संयुक्त प्रांत. वय ३०. मृत्यू १२ जानेवारी १९१५.

न्यूझीलंडवाल्यांच्या आधी या गावात आपले लोक होते. १९१४ च्या शरदात हिंदी सैन्याच्या लाहोर आणि मीरत डिव्हिजन फ्रान्सच्या आघाडीवर उतरल्या आणि जखमींच्या बोटी साउदॅम्प्टनला येऊ लागल्या. बंदराजवळ आणि रेल्वेच्या मार्गावर म्हणून ब्रॉकनहर्स्ट निवडलं गेलं. आधी दोन हॉटेलं ताब्यात घेतली, मग पत्र्याच्या बराकी उठवल्या. गावकरी त्या वस्तीला 'टिन टाउन' म्हणत. त्या बराकींतल्या रुग्णालयाला नाव दिलं लेडी हार्डिंग यांचं. व्हाइसरॉयची ही पत्नी त्याच वर्षी जुलैत वारली होती. दिल्लीचं लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेज त्यांच्याच नावाचं.

सुखा या रुग्णालयात सफाई कामगार होता. तो सैनिक नव्हता, जखमीही नव्हता. न्यूमोनियाने गेला. मग प्रश्न उभा राहिला देहाचा. हकिगत अशी सांगतात, की अस्पृश्य म्हणून हिंदूंनी दहनाला नकार दिला. वोकिंगच्या मशिदीकडे विचारणा झाली, तर तो मुसलमान नाही म्हणून तिथेही नाही. शेवटी ब्रॉकनहर्स्टच्या व्हिकरने, म्हणजे तिथल्या पाद्र्याने, आपल्या चर्चच्या आवारात जागा दिली आणि गावकऱ्यांनी वर्गणी काढून दगड बसवला.

मला धक्का बसला असं म्हणणार नाही. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, असं मानणाऱ्या माणसांनी समुद्र ओलांडून जात मात्र कोरडी ठेवून पलीकडे नेली, यात आपल्याला नवल वाटण्यासारखं काय आहे? सरकारही त्यात सामील होतंच. ब्रायटनच्या रॉयल पॅव्हिलियनमधल्या हिंदी रुग्णालयात नऊ स्वयंपाकघरं होती, धर्मानुसार आणि जातीनुसार. इकडे महारांची लष्करभरती इंग्रजांनी १८९० च्या दशकात बंद केली होती. गोपाळबाबा वलंगकरांपासून शिवराम जानबा कांबळ्यांपर्यंत किती अर्जविनंत्या झाल्या, तरी ते दार १९१७ साली, माणसं कमी पडू लागल्यावर, उघडलं. म्हणजे सुखा वारला त्या साली बंदूक धरायला हे लोक नालायक आणि झाडू धरायला लायक.

म्हणून गावकऱ्यांच्या चांगुलपणाचे गोडवे गातानाही मी थोडा हात राखूनच गाईन. दगडावर त्याला 'नम्र सेवक' म्हटलंय, आणि त्याने देश, घर, मित्र सोडले ते राजा आणि साम्राज्यासाठी, असंही. त्यात पगाराचा वाटा किती असेल ते कोरणाऱ्याला सुचलं नसावं. पण पुढची ओळ मात्र मला मनापासून आवडली. हा धर्माने ख्रिस्ती नव्हता, असं त्यांनी सरळ लिहून टाकलंय. जागा दिली म्हणून त्याला आपल्यात ओढलं नाही. त्याखाली बायबलमधलं वचन: सर्वांचा देव आणि पिता एकच, तो सर्वांवर, सर्वांतून आणि सर्वांमध्ये आहे. जातीचा उल्लेख कुठेही नाही.

दगडासाठी वर्गणी काढायची या गावाला जरा सवयच असावी. याच आवारात ब्रशर मिल्सचं थडगं आहे. हा जंगलातल्या झोपडीत राहणारा साप पकडणारा माणूस, १९०५ साली वारला. दुबेळकं असलेल्या काठीने त्याने हजारो साप धरले. त्याच्याही संगमरवरी दगडाचा खर्च लोकांनीच केला आणि त्यावर त्याची झोपडी नि साप कोरले. स्टेशनाजवळचा पबही त्याच्याच नावाने चालतो, 'द स्नेककॅचर'. भावाला एवढ्या दुपारीत हाच माणूस सगळ्यात जास्त आवडला. तो त्या पबकडे निघालाच होता, मी त्याला थांबवून परत सुखाच्या दगडाशी आणलं. इंग्रजी मजकूर त्याने मोठ्याने वाचला. 'बरेली' आलं तिथे थांबला आणि म्हणाला, "अरे, गल्लीपर्यंतचा पत्ता दिलाय."

कुणाला जायचं असेल तर स्टेशनपासून चर्च आरामात चालत जाण्याच्या अंतरावर आहे. वाट थोडी चढाची, पावसाळी बूट असलेले बरे. आणि परतताना वेळ असेल तर गावात मीरत रोड नावाचा रस्ता आहे, तो शोधा. ऑकलंड अॅव्हेन्यूही आहे. दोन्ही नावं त्या रुग्णालयांची राहिलेली. मीरत रोडवर आता नीटनेटकी घरं आहेत, हिरवळ कापलेली, गाड्या दाराशी. आम्ही गेलो तेव्हा एका फाटकाशी एक तट्टू निवांत कुंपण खात होतं.