पंच नसलेलं मैदान

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, दोन दिवसांवर आली होती आणि गोव्यात फोंड्याच्या माटोळी बाजारात, जिथे गणपतीच्या वर टांगायची रानफळं विकायला येतात, मी एका नऊ वर्षांच्या मुलाच्या मागे मागे फिरत होते. मी मुलांची समुपदेशक. एरवी मुलंच माझ्या खोलीत येतात. या मुलाला मात्र त्याच्या रोजच्या वावरात बघायचं ठरवलं, कारण त्याच्यावरून घरात दोन तट पडले होते. आजी म्हणायची, "पोर शाळेत जात नाही, मग चार मुलांत वागायला शिकणार कुठे?" आई म्हणायची, "मॅडम, तुम्ही एकदा बघा आणि खरं काय ते सांगा."

आईने घरशिक्षण पुरत्या विचाराने निवडलेलं. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यात त्याला उघड परवानगी नाही तशी मनाईही नाही, आणि वयाची १४ वर्षं झाली की एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेची दहावी देता येते, हे तिला पाठ. आजीची समजूत घालायला तिने एक संशोधनही शोधून ठेवलं होतं. लॅरी शायर्स यांनी १९९२ मध्ये अमेरिकेत, फ्लोरिडात, ८ ते १० वर्षांची ७० घरी शिकणारी आणि ७० शाळेत जाणारी मुलं अभ्यासली. स्वतःविषयीच्या कल्पनेत दोन्ही गटांत विशेष फरक नव्हता, आणि त्रासदायक वागणं घरी शिकणाऱ्यांत कमी दिसलं. अभ्यास मला ठाऊक होता, आणि आजीची भीती वाटते तेवढी खरी नाही असं माझंही मत होतं. पण तिकडच्या १४० मुलांवरून समोरचा एक मुलगा कळत नाही.

बाजारात तो फुलून आला. आजूबाजूच्या गावांतल्या बायका रानचा माल मांडून बसलेल्या: कांगलां, आंबाडे, तोरिंगं, सुपारीची शिपटी. हा प्रत्येकीशी कोकणीत बोलत होता. हे कुठल्या डोंगरावरचं, काढायला झाडावर कोण चढलं, माटोळीला बांधायला देठ केवढा ठेवायचा. एका म्हातारीने हातातलं गिऱ्हाईक थांबवून त्याला देठ बांधून दाखवला. बुजणं नाही की आगाऊपणा नाही. आईने माझ्याकडे पाहिलं. मलाही वाटलं, आता आजीला जाऊन निश्चिंत करावं.

संध्याकाळी पाऊस उघडला आणि वाड्यावरची मुलं देवळामागच्या चिखलात फुटबॉल खेळायला जमली. याला घेतलं त्यांनी, कुरकुर न करता घेतलं. पाच-सात मिनिटं बरी गेली. मग एका मुलाच्या हाताला चेंडू लागला. "हात लागला!" असं ओरडून हा जागच्या जागी थांबला. बाकीचे थांबले नाहीत. चेंडू याच्याच बाजूने पुढे गेला आणि गोल झाला.

आणि तेव्हा त्याने वळून माझ्याकडे पाहिलं.

त्या मुलांकडे नाही, माझ्याकडे. सगळ्यांत जवळ उभ्या असलेल्या मोठ्या माणसाकडे, न्याय मागायला. माझा पाय पुढे पडलाच होता, कसाबसा आवरला. शेजारी आईचाही पडलेला, तिचा मी हात धरला. एक सहा वर्षांचं पोर त्याच्या अंगावर येऊन ओरडलं, "खेळ मरे!", म्हणजे खेळ की रे. हा नाही खेळला. कडेला जाऊन बसला. कोणी बोलवायला आलं नाही, कोणी चिडवलंही नाही. चेंडू मात्र चालूच होता.

आईने मला आधी त्याचं आठवड्याचं वेळापत्रक दाखवलं होतं: पोहणं, तबला, चित्रकला, शनिवारी पणजीला विज्ञानाचा वर्ग. 'इतक्या मुलांत मिसळतो.' मिसळत होताही. पण प्रत्येक ठिकाणी एक शिक्षक होता. भांडण पेटायच्या आत कोणीतरी दोघांचं ऐकून घेत होतं. बाजारातली म्हातारी याच्यासाठी थांबली, कारण मोठी माणसं लहानांसाठी थांबतात. बरोबरीची मुलं थांबत नाहीत. स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी १९३२ मध्ये हेच मांडलं होतं. जिनिव्हा आणि नेऊशातेलमधल्या मुलांचा गोट्यांचा खेळ बघून त्यांनी लिहिलं, की नियम वरून आलेला नसतो, आपण मिळून ठरवलेला असतो आणि मिळून बदलताही येतो, हे मूल बरोबरीच्यांत शिकतं. पुस्तकात कितीदा वाचलेलं. त्या दिवशी चिखलात बघितलं.

"मग शाळेत घालू?" आईने विचारलं. आवाज कापरा होता. मी नाही म्हटलं. माझ्याकडे एकटी पडलेली म्हणून येणारी बहुतेक मुलं शाळेतलीच असतात. एका वर्गात चाळीस जण, पण बोलायला मिळतं ते मधल्या सुट्टीत. याला हवी होती तीच ती मुलं, रोज, आणि जवळ एकही मोठं माणूस नाही. एक-दोन वर्ग बंद करा, म्हटलं, तेवढ्या संध्याकाळी मोकळ्या होतील.

घरी परतताना तो म्हणाला, "त्यांना नियमच माहीत नाहीत."

"माहीत आहेत. त्यांचे वेगळे आहेत."

बराच वेळ गप्प राहिला. मग, "ते मला कोण सांगणार?"

"त्यांनाच विचार. उद्या."

दुसऱ्या दिवशी रात्री आईचा फोन आला. पाचला एकटा गेला, सव्वापाचला रडत परत आला, कोपर सोललेलं. काय झालं ते सांगेना. मोदकांच्या पिठात हात असताना तिला वाटलं होतं, तस्संच उठून देवळामागे जावं. उठली नाही. सहाच्या सुमारास त्याने पाय धुतले, पुन्हा चपला घातल्या आणि काही न बोलता गेला. दिवेलागणीपर्यंत ती पिठाचे हात तसेच घेऊन खिडकीशी उभी होती.