कोजागरीच्या ग्लासांसाठी जाळ्या आणि बटणे

आमच्या इमारतीच्या गच्चीवर दरवर्षी कोजागरीला अठरा-वीस माणसे जमतात आणि पाच लिटर दूध आटवून चार लिटरांवर आणण्याचे काम माझ्याकडे असते. केशर, वेलदोडा, जायफळ, चारोळी यांचे प्रमाण आता हाताला ठाऊक झाले आहे. खरी अडचण दुधाची नसून ग्लासांची आहे. सगळे ग्लास एकाच मापाचे आणि एकाच घाटाचे असल्यामुळे गप्पांच्या ओघात ग्लास खाली ठेवला की तो पुन्हा सापडत नाही, आणि गच्चीवरचे चिलट तर पहिल्या पाच मिनिटांतच दुधात पडते. ग्लासांची सजावट करायची, तर तिने या दोन्ही अडचणींवर उपाय करावा, असे मी तीन वर्षांपूर्वी ठरवले.

पहिल्या वर्षी कार्डपेपरच्या पट्ट्या कापून त्यांवर क्विलिंगची, म्हणजे कागदाच्या बारीक पट्ट्या गुंडाळून केलेली, फुले चिकटवली आणि त्या ग्लासांभोवती गुंडाळल्या. दिवाणखान्यात त्या फार सुरेख दिसल्या. गच्चीवर मात्र पहिला ओघळ कागदात मुरताच गोंद सुटला आणि एक पाकळी शेजारच्या काकूंच्या ओठाला चिकटली. ओठ जिथे टेकतात तिथपासून खाली निदान दोन सेंटिमीटर जागा मोकळी सोडायची आणि जिथे ओघळ येतो तिथे कागद वापरायचा नाही, हे दोन नियम त्या रात्री पक्के झाले.

दुसऱ्या वर्षी रंगीत मणी आणले. प्रत्येक घराचा एक रंग ठरवून लाल, हिरवे, निळे, जांभळे मणी इलॅस्टिकमध्ये ओवले आणि कोणाचा रंग कोणता याची यादीही केली. चंद्र माथ्यावर आल्यावर रिवाजाप्रमाणे गच्चीवरचे दिवे मालवले आणि माझी सगळी योजना त्याच क्षणी बारगळली, कारण चांदण्यात रंग दिसतच नाहीत. रंग ओळखणाऱ्या डोळ्यांतील शंकुपेशींना भरपूर उजेड लागतो. मंद उजेडात ज्या दंडपेशी काम करतात त्यांना केवळ उजेड-अंधाराचा फरक कळतो, आणि लाल रंग तर त्यांना जवळजवळ काळाच भासतो. त्यामुळे निळे आणि हिरवे मणी सारखेच राखाडी झाले आणि लाल मणीवाल्यांना आपल्या ग्लासाला काही बांधले आहे हेच कळेना. ज्या सणाचे सगळे अप्रूप चांदण्याचे, त्याची सजावट मी ट्यूबलाइटखाली बसून केली होती.

म्हणून या वर्षी रंगांचा विचारच सोडला आणि ओळख बोटांवर सोपवली. घरात बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात तीन पिढ्यांची सुटी बटणे साठली आहेत. त्यांतून हाताला वेगवेगळी लागतील अशी अठरा निवडली: लाकडी दांडीचे, चौकोनी, मध्ये खोलगट असलेले, पितळेचे उठावदार, कडेला खाचा असलेले, आणि सासऱ्यांच्या लग्नातल्या कोटाचे जाड शिंगाचे. आमचे ग्लास खाली अरुंद आणि वर रुंद आहेत. मधला घेर १९ सेंटिमीटर भरला, तेव्हा बटण लावायचे इलॅस्टिक १७ सेंटिमीटरांचे धरले आणि गाठीसाठी वर दोन सेंटिमीटर ठेवले. ही पट्टी तळाकडून वर सरकवली की घेर वाढत गेल्यामुळे आपोआप घट्ट बसते. वरून घातली तर ओठांच्या जागेवरूनच तिला ताणत न्यावे लागते.

चिलटांसाठी उपाय शोधायला लांब जावे लागले नाही. आईच्या रुखवतात तांब्यावर टाकायचा क्रोशाचा रुमाल होता, कडेने काचेचे मणी लावलेला. तीच कल्पना लहान मापात उतरवली. ग्लासाचे तोंड सात सेंटिमीटरांचे आहे, म्हणून जाळी सुमारे साडेअकरा सेंटिमीटरांची केली, म्हणजे किनार चहूबाजूंनी दोन सेंटिमीटर खाली लोंबते. वीस नंबरचा पांढरा दोरा घेतला, सहा साखळ्यांचे (क्रोशाच्या साध्या फासांचे) कडे करून त्यात बारा खांब, म्हणजे उभे टाके, घातले आणि सात फेऱ्यांत गोल पुरा केला. मण्यांची फेरी जरा युक्तीची आहे. आधीच सगळे मणी ओवून ठेवले तर विणताना ते सारखे मागे सारावे लागतात. म्हणून सातव्या फेरीनंतर दोरा तोडून नव्या दोऱ्यात २४ मणी ओवले, आणि तीन साखळ्या, मणी वर सरकवून एक घट्ट साखळी, पुन्हा तीन साखळ्या, अशी कमानी किनार केली. मणी काचेचेच हवेत. प्लास्टिकचे हलके मणी लावलेली नमुन्याची जाळी गच्चीवरच्या पहिल्या झुळुकीत कठड्यापलीकडे गेली.

एका जाळीला साधारण एक संध्याकाळ लागते. अनंत चतुर्दशीनंतर कोजागरीपर्यंत महिनाभर मिळतो (अधिक आश्विन आला तर दोन महिने, पण तेवढे भाग्य दरवर्षी नसते), तेवढ्यात अठरा जाळ्या झाल्या. भाताच्या पेजेची खळ देऊन त्या पाटावर ताणून वाळवल्या. खळीने जाळी ताठ राहते, परंतु गरम दुधाच्या वाफेने ती नरम पडून मधोमध खचते, हे आदल्या दिवशी एका ग्लासावर पाहून घेतले होते. म्हणून दूध कोमट होऊ दिले आणि ग्लास काठापासून दोन सेंटिमीटर कमीच भरले.

आत्यांनी जाळी पाहताच शंका काढली, "अगं, झाकलंस तर दुधात चंद्र कसा दिसायचा?" दिवे मालवल्यावर त्यांनी स्वतःच वाकून पाहिले आणि मग काही बोलल्या नाहीत. पांढरा दोरा चांदण्यात उठून दिसत होता आणि त्याच्या छिद्रांतून दुधावर बारीक ठिपके पडले होते. आमच्याकडे त्या रात्री थोरल्या अपत्याला ओवाळतात, म्हणून मुलीच्या जाळीला मण्यांऐवजी तिच्या बारशातल्या वाळ्यांचे घुंगरू लावले होते. तिने ग्लास उचलला की सगळ्यांना कळत होते.

जाळ्या धुताना आधी गार पाण्यातच भिजवाव्या लागतात, कारण गरम पाण्याने दुधाचा डाग दोऱ्यात पक्का बसतो. दुसऱ्या दिवशी दोरीवर सतरा जाळ्या वाळत होत्या, आणि शिंगाचे बटण असलेली पट्टी चुलतसासऱ्यांच्या मनगटावरून त्यांच्या घरी गेली होती. फोन केला तर ते म्हणाले की तो कोट मुळात त्यांचा होता.