कोंडा, वात आणि युरिक ॲसिड

आमच्या एकत्र ओपीडीत त्वचारोगाचे आणि सांधेरोगाचे डॉक्टर एकाच टेबलाशी बसतात, फिजिओथेरपिस्ट शेजारी. त्या दिवशी अमळनेर तालुक्यातल्या एक मावशी दोन फायली घेऊन आल्या. एकीत कोंड्याचे शाम्पू नि मलमं, दुसरीत वाताच्या गोळ्या. एका फाईलचा दुसरीला पत्ता नव्हता.

"सकायले मूठच वळत नही," मावशी म्हणाल्या. बोटं मोकळी व्हायला तासभर लागतो, आणि काम सुरू केलं की उलट बरं वाटतं. झिजेचं दुखणं असं वागत नाही, सुजेचं वागतं.

नखांवर बॅटरी तिरकी धरली. टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसले. तर्जनीचं शेवटचं पेर सुजलेलं, पायाचं एक बोट मुळापासून टोकापर्यंत सारखं फुगलेलं. टाचेमागची शीर दाबताच त्यांनी पाय ओढून घेतला. मग अंबाडा सोडायला सांगितला. केसांच्या कडेला, कानामागे आणि नंतर बेंबीतही लाल चट्टे, वर चंदेरी पापुद्रे. कोंडा कसला, सोरायसिस होता तो, म्हणजे त्वचेचा जुनाट आजार.

आरए फॅक्टर ही संधिवाताची रक्ततपासणी निगेटिव्ह म्हणून 'संधिवात नाही' असं त्यांना सांगितलं गेलं होतं. सोरायटिक, म्हणजे सोरायसिससोबत येणाऱ्या संधिवातात हा फॅक्टर बहुतेकदा निगेटिव्हच येतो. युरिक ॲसिड वाढून 7.2 आलं म्हणून गाऊटची, म्हणजे सांध्यात युरिक ॲसिड साचून होणाऱ्या वाताची गोळी चालू होती. सोरायसिसमध्ये त्वचेच्या पेशी भराभर तयार होतात, त्यामुळेही युरिक ॲसिड वाढतं. सोरायटिक संधिवात ओळखण्याच्या 2006 च्या कॅस्पर निकषांत चालू सोरायसिसला 2 गुण, नखांचे खड्डे, फुगलेलं बोट आणि निगेटिव्ह फॅक्टर यांना प्रत्येकी 1. निदानाला 3 पुरतात. मावशींचे 5 झाले.

खरी चर्चा रोजच्या 10 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडवर झाली. चालू ठेवलं तर हाडं आणि साखर बिघडणार. एकदम थांबवलं तर सोरायसिस उसळून अंगभर लाली किंवा पुवाचे फोड येऊ शकतात. वेगवेगळ्या खोल्यांत बसून हा निर्णय नीट होत नाही, असं माझं ठाम मत आहे. ठरलं असं: रक्त, लिव्हर, किडनी, कावीळ बी-सी आणि छातीचा एक्स-रे पाहून मेथोट्रेक्सेट हे सांधे आणि त्वचा दोन्हींची सूज आवरणारं औषध सुरू करायचं, आणि त्याचा गुण येईल तसं प्रेडनिसोलोन हळूहळू उतरवायचं. गुण यायला 6 ते 12 आठवडे लागतात, हेही मावशींना तेव्हाच सांगितलं.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतलं तर रक्तपेशी बनणं थांबून जीव जाऊ शकतो. म्हणून वार ठरवला तो गावच्या बाजाराचा, सोमवार. पाकिटावर मराठीत ठळक 'फक्त सोमवार' लिहिलं, फॉलिक ॲसिड गुरुवारी, आणि गोळ्या चारच आठवड्यांच्या दिल्या. तोंड आलं, ताप आला, दम लागला तर गोळी न घेता थेट यायचं. लघवीच्या जळजळीवर गावात कुणी सल्फाची गोळी देऊ लागलं तर मेथोट्रेक्सेटचं हे पाकीट आधी दाखवायचं. दोन्ही औषधं एकत्र घातक ठरू शकतात.

कापूस वेचणीचा विषय फिजिओथेरपिस्टने काढला. सुकलेल्या बोंडाची टोकं बोटं ओरबाडतात, आणि सोरायसिसमध्ये ओरखडा उठेल तिथे नवा चट्टा येऊ शकतो. वेचताना सुती हातमोजे, रात्री हातांना व्हॅसलीन, आणि सपाट चपलेऐवजी टाचेला मऊ आधार असलेली पादत्राणं.

जाताना दोन्ही फायलींतल्या गोळ्या टेबलावर मांडून घेतल्या. गाऊटची बंद, वेदनाशामक एकच, तीही जेवणानंतर आणि गरजेपुरती. दोन आठवड्यांनी रक्त तपासायला येताना सोबत एकच फाईल आणायची, असं मावशींच्या मुलाला बजावलं.